डॉक्टर म्हणे सुईनं टोचू, मी म्हणलो राहू द्या

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला अन् पाहते तर निम्मे लोक तळपायावरच लिहून राहिले. कारण उघड आहे, वखरणी आटोपली, पेरणी तोंडावर, दिवसभर पाय ढेकळात अन् धसकटात, मग इतके दिवस सहन केलेली तळव्याची चामखीळ आता आठवणारच. सगळी पत्रं छापता येत नाहीत, सहा निवडली, नावं गाळली. पहिलं उत्तर लांबलं आहे, त्याला इलाज नाही, बाकीच्यांनी आधी तेच वाचावं.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, वय ३४. मागच्या वर्षी पऱ्हाटीच्या वावरात उजव्या पायात, अंगठ्याच्या मागं जो मांसल भाग असते तिथं काहीतरी टोचलं, मले वाटलं धसकट गेलं. सापडलं काहीच नाही पण तिथं टणक झालं. घरचे म्हणे कुरूप आहे, म्हणून मेडिकलमधून कॉर्नच्या पट्ट्या आणल्या, सहा-सात लावल्या, वरची कातडी पांढरी होऊन निघते अन् खालून पुन्हा तसंच. दाढीच्या ब्लेडनं दोन-तीनदा कापून पाह्यलं, रक्तच लय आलं. आता मोठ्याच्या बाजूनं पाच-सहा बारके उठले. यवतमाळला चामडीच्या डॉक्टरले दाखवलं तं ते म्हणे कुरूप नाही चामखीळ आहे, पाय सुन्न करून सुईनं टोचू, औषध काही भरायचं नाही, नुसतं टोचायचं. मी म्हणलो राहू द्या अन् परत आलो. मॅडम खरं सांगा, असं काही असते काय? टोचून ते पसरत नाही काय? अन् करायचंच असन तं पेरणीआधी का नंतर?

उत्तर : भाऊ, तुम्ही उठून आले हे वाचून मला हसू आलं, पण तुमचं चुकलं असंही नाही. औषध न भरता नुसती सुई टोचायची म्हटलं तर कोणीही विचारात पडन. डॉक्टरांनी दोन मिनिटं जास्त बोलले असते तर तुमची यवतमाळची चक्कर फुकट गेली नसती. ते काम आता मी करते.

पहिले तर त्यांनी कुरूप नाही हे कशावरून ओळखलं असन ते पाहू. कुरूप म्हणजे घट्टा. हाड अन् चप्पल यांच्यामधी कातडी रगडल्या जाते तिथं होते, वरून दाबलं की दुखते, त्यात जंतू काही नसते. चामखीळ वरून दाबली तर थोडी दुखते, पण दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी धरून दाबली की माणूस उडतो. दुसरं असं की तळव्यावर बोटांच्या ठशासारख्या बारीक रेघा असतात. कुरुपावरून त्या रेघा सरळ जातात, चामखिळीपाशी मात्र तुटतात, बाजूनं वळसा घेऊन जातात. अन् पक्की खूण म्हणजे वरचा टणक थर खरवडला की आत सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. लोक त्याला मूळ म्हणतात अन् तेच उपटायच्या मागं लागतात. ते मूळ नाही, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे. चामखिळीला मूळ नसतेच, म्हणूनच तुमच्या ब्लेडला ते सापडलं नाही, फक्त रक्त आलं.

ही होते ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसनं, म्हणजे एचपीव्हीनं, त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, तळपायावर बहुतेक १, २, ४, २७ अन् ५७ नंबरचे. धडधाकट कातडीतून हा आत जात नाही, त्याला भेग नाहीतर खरचटलेली जागा लागते. त्यामुळे धसकट गेलं असं तुम्हाला वाटलं ते चूक नसनही, धसकटानं दार उघडून दिलं अन् पाहुणा मागून शिरला. शिरल्यावर काही आठवड्यांपासून वर्षभरानंतरही गाठ दिसू शकते, म्हणून कुठून लागली ते शोधत बसण्यात मतलब नाही. ते पाच-सहा बारके कुठून आले ते मात्र सांगता येते, तुमच्या ब्लेडनं आले. चामखीळ कापायची अन् तेच पातं बाजूच्या कातडीवर फिरवायचं म्हणजे डवऱ्यानं तणाचं बी वावरभर नेण्यासारखं. अन् त्याच ब्लेडनं पुन्हा दाढी केली नसन अशी आशा करते, चेहऱ्यावरही उठते ती.

आता सुईचं. हा विषाणू राहते कातडीच्या अगदी वरच्या थरात, त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. तो पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, ताप नाही, सूज नाही, लाली नाही. पेशी जशा खालून वर सरकतात तसा त्यांच्यासोबत वर येते अन् मेलेल्या कातडीसोबत झडते. मग अंगातल्या राखणदारांना, म्हणजे पांढऱ्या पेशींना, खबर लागणार कशी? चोर कुटाराच्या ढिगात लपून बसला अन् गावात कोणाची कोंबडीही गेली नाही, तर कोण शोधणार त्याला. वर्ष-दोन वर्षं आरामात राहते तो. सुई टोचणं म्हणजे त्या चोराला कुटारातून ओढून चावडीवर आणून उभा करणं. सुई चामखिळीतून आरपार खालच्या चरबीपर्यंत जाते, विषाणूचे कण घेऊन जाते, रक्त येते, सूज येते, अन् त्या सुजेमागं पांढऱ्या पेशी येतात अन् पहिल्यांदा त्याला पाहतात. एकदा ओळख पटली की त्या अंगभर शोधतात, म्हणूनच सगळ्यात मोठी किंवा जुनी एकच टोचायची, बाकीच्यांना हातही लावायचा नाही. साधलं तर बाजूचे बारकेही जातात.

टोचून पसरत नाही काय, हा तुमचा प्रश्न खरंच चांगला आहे, शिकणाऱ्या डॉक्टर पोरापोरींनाही हाच पडते. पसरते ते आडवं, एका जागच्या कातडीवरून बाजूच्या कातडीवर. सुई उभी जाते. खाली चरबीत हा विषाणू वाढूच शकत नाही, त्याला वरच्या कातडीच्याच पेशी लागतात. म्हणजे त्याला तिथं ढकलायचं जिथं त्याचं घर नाही पण राखणदार आहेत.

ही काही आजकालची टूम नाही. फाल्कनर नावाच्या अमेरिकेतल्या पायाच्या डॉक्टरांनी १९६९ साली ही पद्धत छापून आणली. आपलं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज सुरू झालं तेच साल, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. पुढे बरीच वर्षं कोणी फारसं विचारलं नाही. मग २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आपल्या ४५ पेशंटचा हिशोब मांडला, त्यात ३१ जणांची पूर्ण गेली. ऐकायला झकास. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, अन् चामखीळ ही आपोआपही जाणारी वस्तू आहे, मग श्रेय कोणाचं? २०१७ मध्ये तिकडेच साल्फर्डला ६० लोकांवर नीट चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, निम्म्यांना सुई, निम्म्यांचा फक्त वरचा टणक थर तासून दिला. १२ आठवड्यांनी पाहिलं तर दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. हे मी लपवणार नाही. पण याच्या आधी २०११ मध्ये २४० लोकांवर बर्फगार नायट्रोजननं गोठवणं अन् घरी सॅलिसिलिक अॅसिड लावणं याची तुलना झाली होती, त्यातही १२ आठवड्यांत दोन्हीकडे शंभरातल्या १४ जणांचीच गेली. म्हणजे तळपायाच्या चामखिळीपुढं कोणत्याच इलाजानं फार मिशीला ताव देण्यासारखं नाही. गालावरची चामखीळ अन् तळव्यावरची चामखीळ यांत बैलगाडी अन् रोडरोलरचा फरक आहे, तळव्यावर अख्ख्या माणसाचं वजन पडते, ती आत दबते, वर जाड थर येते, औषध पोचत नाही.

मग तुमच्यासारख्याला मी काय सांगते? माणूस तरुण, शुगर नाही, वर्ष उलटलं, एकाच्या सहा-सात झाल्या, अशाला सुई हा पर्याय वाजवी आहे. अन् तालुक्याच्या दवाखान्यासाठी तर सोयीचा, कारण द्रवरूप नायट्रोजनचा डबा आपल्याकडे कुठं मिळते, सुई अन् भुलीचं इंजेक्शन कुठंही मिळते. पण त्याआधी एक काम तुम्ही केलंच नाही. सहा-सात पट्ट्या हा इलाज नाही, ती सुरुवात आहे. मेडिकलमध्ये सॅलिसिलिक अन् लॅक्टिक अॅसिड दोन्ही १६.७ टक्के असलेली बारीक बाटली मिळते, डॉक्टरांकडून लिहून घ्या. रोज रात्री पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं, मग स्वतःच्या वेगळ्या वजरीनं हलकं घासायचं, ब्लेड नाही, बाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावायचं, अन् थेंब फक्त चामखिळीवर. हे १२ आठवडे. मध्ये दोन दिवस चुकलं तरी चालते, पंधरा दिवसांनी कंटाळून सोडलं तर नाही चालत. अन् बहुतेक जण तिथंच सोडतात.

पेरणीचं म्हणाल तर आता नका करू. सुईनंतर पट्टी सुरुवातीचे एक-दोन दिवस अजिबात भिजवायची नाही, पुढेही जखम भरेस्तोवर चिखलात पाय घालायचा नाही, मृगात हे तुमच्याच्यानं होणार नाही अन् सांगूनही उपयोग नाही. बाटली आता सुरू करा, दिवाळीपर्यंत गेली तर गंगेत घोडं न्हालं. नाही गेली तर सोयाबीन निघाल्यावर यवतमाळला जा, वेचणीच्या दिवसांत वावर कोरडं असते.

तिथं काय होईल तेही सांगून ठेवते म्हणजे पुन्हा उठून येणार नाही. भुलीचं इंजेक्शन घोट्याच्या आतल्या बाजूला, मागं देतात, तिथून तळव्याची नस जाते. तळव्यात थेट दिलं तर ते चामखिळीपेक्षा जास्त दुखते, काही जण देतात तसंही. दहा-पंधरा मिनिटांत तळवा दगड होते. मग वरचा थर तासून नवी निर्जंतुक सुई उभी घालून घालून चामखिळीची चाळणी करतात. आधी सुईला आत अडल्यासारखं लागते, मग सैल पडते अन् जागा लालबुंद ओली दिसते, तिथं थांबतात. पट्टी बांधून घरी. मोटारसायकल चालवत एकटे जाऊ नका, पाय सुन्न असते अन् ब्रेक उजव्याच पायाचा. रात्री ठणकलं तर साधी पॅरासिटामॉल घ्या, सुजेची गोळी नको, कारण ती सूज आपल्याला हवी आहे. खर्च आधी विचारून घ्या, लाजू नका, सरकारी दवाखान्यात चामडीचा विभाग असन तर तिथं पहिले विचारा.

प्रश्न : ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा, चवथीत आहे. आम्ही आर्वी तालुक्यात राहतो. त्याच्या टाचेवर एक चामखीळ होती आता तीन झाल्या. सासूबाईंनी बिब्बा गरम करून लावला तं टाच सुजून फोड आले, आठ दिवस शाळा बुडली अन् चामखीळ तशीच. शेजारच्या काकू म्हणतात बाभळीच्या काट्यानं टोचून रुईचा चीक भरायचा. माझी नणंद नागपूरला असते, ती म्हणते मोठे डॉक्टरही सुईनंच टोचतात. मग मी घरी नवी सुई गॅसवर लाल करून, डेटॉलनं पुसून टोचलं तं काय बिघडन? बर्फानं बधिर करून घेईन. अन् शाळेत पाठवू का? बाई म्हणतात दुसऱ्या पोरांना लागन.

उत्तर : ताई, नका टोचू. तुमचा विचार कुठून आला ते समजते, डॉक्टर टोचतो अन् मीही टोचणार, सुई तीच. पण बर्फानं वरची कातडी दोन मिनिटं गार होते, चरबीपर्यंत जाणारी सुई त्यानं सहन होत नाही. पोरगा पहिल्या टोचणीला ओरडन, पाय ओढन, सुई आडवी फाटन, अन् अर्धवट टोचून तुम्ही सोडून द्याल. म्हणजे वर सांगितलं तसं उभं न जाता आडवं पसरवण्याचंच काम होईल. लाल केलेल्या सुईवर काजळी चढते, ती कातडीत जाऊन काळा डाग कायमचा राहते. मातीत खेळणारा पाय, टाचेत उघडी जखम, धनुर्वाताची भीती वेगळी. त्याच्या धनुर्वाताच्या लसी झाल्या का ते कार्डावर पाहा, दहाव्या वर्षी अन् सोळाव्या वर्षी टीडीची सुई असते, आशाताईंना विचारा, ही सुई मात्र चुकवू नका.

बिब्ब्याबद्दल सासूबाईंना दोष देऊ नका, आपल्याकडे टाचा फुटल्या की बिब्बा, काटा मोडला की बिब्बा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. पण बिब्ब्याचं तेल कातडी जाळते. धोबी लोक कपड्यावर खूण करायला वापरत ते हेच, धुऊन न जाणारं. एकदा का त्याची अॅलर्जी बसली की पुढच्या वेळी थेंबभरानंही जास्त सुजते, म्हणून या पोराला यापुढं बिब्बा कधीच नको, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. रुईच्या चिकाचं तर नावच नको, हात तसाच डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते, असे पेशंट मी पाहिलेत अन् तो प्रसंग लहान नसतो.

अन् मुळात घाई कशाची? लहान मुलांच्या निम्म्याहून जास्त चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, मोठ्या माणसांपेक्षा त्यांचं शरीर लवकर ओळखते. चालताना दुखत नसन तर काहीच न करणं हाही इलाज आहे. दुखत असन तर बिब्ब्याची जागा पूर्ण भरू द्या, मग डॉक्टरला दाखवून तीच अॅसिडची बाटली.

शाळेत पाठवा. चामखिळीपायी शाळा बुडवायची गरज नाही, वर चिकटपट्टी लावा अन् अनवाणी फिरू देऊ नका, बाईंना हे पत्र दाखवलं तरी चालन. उलट घरात पाहा. न्हाणीत टाचा घासायचा एक दगड असन न, ज्यावर आजीपासून नातवापर्यंत सगळे पाय घासतात? तो दगड पहिले फेकून द्या. ज्याची त्याची वजरी वेगळी, नेलकटर वेगळं, पाय पुसायचं फडकं वेगळं. माझ्याकडे एकाच घरातले तीन-चार जण येतात तेव्हा मी तो दगडच विचारते, अन् बहुतेक वेळा असतोच.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मोर्शी तालुक्यातील सेवानिवृत्त शिक्षक, वय ६३. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डाव्या तळव्याला करंगळीच्या बाजूला गेल्या चार महिन्यांपासून टणक वाढ आहे, दुखत फारसं नाही, कधी मोज्याला रक्ताचा डाग दिसतो. मुलगा म्हणतो की बाबा, नागपूरला जाऊन सुईची ट्रीटमेंट करून घ्या. मध्ये मी कॉर्नची पट्टीही लावून पाहिली. आपला सल्ला हवा.

उत्तर : गुरुजी, पट्टी आजच काढा. शुगरच्या पायाला कॉर्नची पट्टी लावू नये, पाकिटावरही बारीक अक्षरात असते ते, पण बारीक अक्षर वाचते कोण. अॅसिड कातडी जाळते अन् संवेदना कमी झालेल्या पायाला ते कळत नाही, सकाळी मोजा काढला की थेट जखम दिसते.

सुईचंही आता नाव काढू नका. पायाला रक्तपुरवठा अन् संवेदना नीट आहेत का हे तपासल्याशिवाय तळव्याला मुद्दाम जखम करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. पण त्याहून मोठी गोष्ट, ही चामखीळच आहे असं कोण म्हणालं? तुमच्या पत्रात कोण्या डॉक्टरनं पाहिल्याचा उल्लेख नाही. साठीनंतर तळव्यावर नवी वाढ, दुखत नाही, चार महिन्यांत गेली नाही अन् रक्त येते, हे मला आवडलेलं नाही. बहुतेक साधंच निघन, पण तळव्यावर कातडीचा कॅन्सरही होते अन् तो चामखिळीसारखा दिसू शकते, तेव्हा बारीक तुकडा काढून तपासायची वेळ आली तर नाही म्हणू नका. नागपूरला जाच, पण सुईसाठी नाही, दाखवायला. याच आठवड्यात.

प्रश्न : मॅडम मी मेहकर तालुक्यातला, २१ वर्षं, पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. १६०० मीटरला टाच टेकली की चामखीळ टोचायची म्हणून पाच आठवड्यांपूर्वी अकोल्याला निडलिंग करून घेतलं. आता तिथं काळी खपली आहे, दाबलं तर अजून दुखते. फेल गेलं का? मित्र म्हणते खपली काढून टाक अन् पुन्हा टोच. मी दुखायच्या गोळ्या पंधरा दिवस घेतल्या होत्या, आयबुप्रोफेन.

उत्तर : अरे बाबू, पाच आठवड्यांत निकाल कुठं लागते? ही काही फोड फोडून पू काढण्याची गोष्ट नाही. शरीरानं आधी ओळखायचं, मग फौज तयार करायची, मग कामाला लागायचं. आठ आठवड्यांनी पहिल्यांदा पाहायचं, बारा आठवड्यांपर्यंत वाट पाहायची, त्यानंतर फेल म्हणायचं. काळं आहे ते वाळलेलं रक्त, ते स्वतःहून सुटते अन् सुटल्यावर खाली तळव्याच्या रेघा सलग दिसल्या की समज जिंकला. मित्राला म्हणा तू धावायचं पाहा.

आयबुप्रोफेन पंधरा दिवस, हे मात्र डॉक्टरांना विचारून घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती सूज कमी करते अन् आपण सूज मुद्दाम आणली होती. त्यानं सगळं वाया गेलं असं नाही म्हणत, आता पुढं घेऊ नकोस एवढंच. जागा लाल, गरम होऊन पू आला किंवा ताप आला तर वाट पाहू नको, तसाच दवाखान्यात जा. धावणं खपली सुटेस्तोवर मऊ मैदानावर, डांबरी रोडवर नाही, बूट कोणाचे उसने घालायचे नाही.

बारा आठवड्यांनंतरही राहिली तर एकदा पुन्हा टोचता येते. नाहीतर आपल्याकडचे चामडीचे डॉक्टर गोवर-गालगुंड-रुबेलाची म्हणजे एमएमआरची लस थेट चामखिळीत टोचतात, किंवा चामखिळीचाच बारीक तुकडा काढून हाताच्या कातडीखाली ठेवतात. ऐकायला विचित्र आहे, पण डोकं तेच, लपलेल्याला राखणदारांसमोर आणणं.

प्रश्न : उमरेडहून, कॉलेजला आहे. माझ्या पायाला चामखीळ आहे, गूगल केलं तर एचपीव्ही आला अन् पुढं गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. तीन रात्री झोपले नाही. घरी सांगू शकत नाही. मला तो कॅन्सर होणार का?

उत्तर : नाही बेटा, या चामखिळीनं नाही. आडनाव एक म्हणून घर एक नसते. तळपायाचे प्रकार वर सांगितले, कॅन्सरशी संबंध आहे तो मुख्यतः १६ अन् १८ नंबरचा, ते वेगळे, त्यांची जागा वेगळी, लागण्याची वाट वेगळी. पायाची चामखीळ न्हाणीतून, मैदानातून, उसन्या चपलेतून येते, यात लाजण्यासारखं काहीच नाही, आईला आजच सांग. कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस घ्यायची असन तर ती वेगळ्या कारणासाठी चांगलीच आहे, पण पायाची चामखीळ जावी म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नको. अन् आज रात्री झोप.

प्रश्न : डॉक्टरीणबाई, वय ७४, आमच्या वेळी चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की आठ दिवसांत गळून पडे. सुया-बिया काही नाही. मी स्वतः पाह्यलं आहे. तुम्ही हे का सांगत नाही लोकांना?

उत्तर : आजोबा, पाहिलं असन तुम्ही, मी खोटं म्हणत नाही. मानेवर, काखेत देठ असलेली लोंबती गाठ असते, तिच्या देठाला केस घट्ट बांधला की रक्त बंद होऊन ती वाळते. ती बहुतेक वेळा चामखीळ नसतेच, मस असते, अन् तीही घरी बांधली तर पिकते कधी कधी. खऱ्या चामखिळीचं म्हणाल तर त्यातल्या पुष्कळ आपोआप जातात, जायच्या आदल्या आठवड्यात जो इलाज केला असन त्याचं नाव होते, मग तो केस असो, बिब्बा असो की माझी सुई असो. पण यावेळी निवडलेली बाकी पत्रं सगळी तळपायाची आहेत. तिथं ती कातडीत सपाट दबलेली असते, तुम्ही घोडं दारात आणून बांधलं तरी केस अडकवायला देठ कुठं आहे?